नादारीची दवंडी

५ जून १९४४, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. व्यंकटराव पटवारी चावडीच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते आणि चाकूच्या टोकानं लेव्हीच्या यादीतला एक आकडा खरवडत होते. आकडा मोठा होता, तो लहान करायचा होता. कागद फाटू न देता शाई तेवढी उचलायची, नखानं घोटून जागा गुळगुळीत करायची आणि वर नवा आकडा असा लिहायचा की तहसिलातल्या कारकुनाला तो जन्मापासून तिथंच होता असं वाटावं. सव्वीस वर्षांच्या सरावानं हे काम त्यांना चांगलं जमत होतं. ज्याच्यासाठी ते करत होते त्या माणसाबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता.

तो माणूस म्हणजे गावचा पाटील, उत्तमराव. जवळा बाजारपासून दोन कोसांवरचं हे नव्वद उंबऱ्यांचं गाव. त्यात सव्वाशे एकर काळी एकट्या उत्तमरावाची. लढाई चालू होती, बाजारात धान्य मिळत नव्हतं, आणि निजाम सरकारनं प्रत्येक शेतकऱ्याकडून ठराविक जोंधळा लेव्ही म्हणून उचलायला सुरुवात केली होती. कोणाकडं किती पिकलं हे पटवाऱ्यानं लिहायचं आणि त्याखाली पाटलानं सही करायची. पाटलाचं स्वतःचं किती पिकलं हेही असंच ठरायचं. उत्तमरावाच्या वाड्यामागं जमिनीत दोन पेवं होती, गळ्यापर्यंत जोंधळ्यानं भरलेली, वरून माती टाकून लिंपलेली. यादीत ती नव्हती. यादीवरून पाहिलं तर उत्तमरावाच्या घरी दिवाळीपर्यंत भाकरी निघाली असती तरी पुष्कळ.

व्यंकटराव आकड्यावर नख फिरवत असतानाच तो आला. डोक्याला जरीकाठी पटका, हातात चांदीच्या मुठीची काठी. ओसरीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "पटवारी, एक नादारीचा दाखला लिवायचा हाय."

"कोणाचा?"

"मपला."

व्यंकटरावांनी चाकू मिटला.

नादारीचा दाखला म्हणजे हा इसम निर्धन आहे असं सरकारी कागदावर लिहून देणं. त्या महिन्यात या दाखल्याला अचानक मोल आलं होतं, त्याचं कारण हिंगोलीत होतं. तिथल्या एका जिनिंगवाल्या शेठनं आपल्या कैलासवासी वडिलांच्या नावानं शेतकऱ्यांच्या हुशार मुलांसाठी वजिफा जाहीर केला होता. औरंगाबादच्या कॉलेजात दोन वर्षं शिकायला दरमहा अठरा रुपये, निजामी हाली नाण्यातले. हा पैसा कुठून आला हे आडतीवर कापूस घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गाडीमागं दोन आणे धर्मादाय म्हणून शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीतून कापले जात. त्याची रास झाली की ती शेतकऱ्याच्याच पोराला वडिलांच्या नावानं द्यायची, आणि घेताना पोरानं वाकून पाया पडायचं.

वजिफ्याच्या अटी छापील होत्या. मुलगा मॅट्रिक पास हवा. एका गावातून एकच नाव. घरच्या मोठ्या माणसाचा नादारीचा दाखला, त्यावर पाटील आणि पटवारी दोघांच्या सह्या. दाखला मजकुरासह दवंडीनं जाहीर करायचा, दवंडी ऐकलेल्या पाच माणसांचे अंगठे घ्यायचे, हरकतीला तीन दिवस ठेवायचे. सगळं पंधरा जूनच्या आत हिंगोलीला पोचलं पाहिजे. खोटे गरीब घुसू नयेत म्हणून दवंडीची अट शेठच्या दिवाणजीनं घातली होती, असं म्हणत. दिवाणजीला माणसं कळत होती.

गावात मॅट्रिक झालेली पोरं दोनच. एक उत्तमरावाचा तातेराव, जो तिसऱ्या खेपेला कसाबसा पास झाला होता आणि ज्याला कॉलेजपेक्षा शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलांची वंशावळ जास्त तोंडपाठ होती. दुसरा संतराम, चतुराबाईचा. चतुराबाईचा नवरा नऊ वर्षांपूर्वी तापानं गेला. ओढ्याकाठी अडीच एकर मुरूम, त्यातलं अर्धं ओढ्यानं नेलेलं, आणि बाकी दिवस दुसऱ्याच्या रानात खुरपणं. मामा परभणीच्या कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये पहारेकरी होता. त्याच्याजवळ रुईच्या गाठींआड झोपून संतरामनं चार वर्षं हायस्कूल केलं आणि गणितात पैकीच्या पैकी मार्क घेऊन तो पहिल्या वर्गात आला. वजिफा मिळाला तर औरंगाबाद. नाही मिळाला तर जवळ्याच्या आडतीवर हमालाची एक जागा रिकामी होती आणि आडत्यानं त्याला ती धरून ठेवली होती, पंधरा तारखेपर्यंत.

चतुराबाईचा दाखला व्यंकटरावांनी चार दिवसांपूर्वीच लिहून, आपली सही करून ठेवला होता. पाटलाची सही राहिली होती. चतुराबाई तीनदा वाड्यावर जाऊन आली. एकदा पाटील झोपला होता, एकदा जेवत होता, एकदा नुसता बसला होता आणि उद्या ये म्हणाला. ते उद्या कशासाठी होतं, ते आता व्यंकटरावांना कळलं.

त्यांनी पाटलाला विचारलं, की सव्वाशे एकरांच्या धन्याला नादार कसं लिहायचं. उत्तमरावाला प्रश्नच समजला नाही. त्यानं काठीनं लेव्हीच्या यादीकडं बोट दाखवलं.

"हे काय हाय? ह्याच्यात मी गरीबच हाय की. तुमच्याच हातचं हाय हे. आता केलंच हाय गरीब, तर लेकराच्या कामी येऊ द्या."

 व्यंकटरावांना पाटलाच्या लबाडीची किळस नव्हती, लबाडी त्यांच्या रोजच्या कामात होती. किळस होती ती त्याच्या आळसाची. एवढ्या जमिनीच्या मालकाला पोरगं शिकवायला पेवातली दहा पोती काढावी लागली असती, आणि तेवढ्यासाठी माती उकरायचा कंटाळा म्हणून तो विधवेच्या पोराच्या अठरा रुपयांवर हात मारायला आला होता. वर पटका जरीचा.

मग पाटलानं दवंडीचं सांगितलं. ते त्यानं आधीच ठरवून आणलं होतं. दवंडी परवा, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता, गावात द्यायची. जवळ्याच्या बाजाराला झाडून सगळं गाव जातं. मागं राहतात दोन-चार आंधळी-पांगळी माणसं आणि कोंबड्या.

"आणि पाच अंगठे?" व्यंकटरावांनी विचारलं.

"ते तुमी पाहा. कुत्र्याचे घ्या."

स्वतःच्या विनोदावर हसत पाटील गेला. जाताना चतुराबाईचा कागद बाजूला ठेवा, असं बजावून गेला.

व्यंकटरावांनी उत्तमरावाचा दाखला लिहिला. हरकत घेतली नाही, आवाज चढवला नाही. पटवारकी हे त्यांचं वडिलोपार्जित वतन होतं, आणि पाटलाशी भांडून पटवारकी होत नाही. पण वजिफ्याच्या छापील कागदाकडं ते बराच वेळ बघत राहिले. फुकटच्या शिक्षणाची चव त्यांना माहीत होती. चौदाव्या वर्षी ते परभणीला वार लावून जेवत. सात दिवस, सात घरं. सोमवारच्या घरी आधी विहिरीचं पाणी ओढायला लावत. गुरुवारच्या घरी कालची भाकरी. सगळ्यांत वाईट घर बुधवारचं, जिथं जेवण सगळ्यांत चांगलं होतं. तिथली बाई पोळीवर तूप वाढलं की आत तोंड करून "तूप वाढलं हो" असं म्हणायची, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दोन वर्षांनी एका बुधवारी व्यंकटेश गेला नाही. त्या दिवशी उपाशी राहिला, दुसऱ्या दिवशी गावी आला आणि वडिलांच्या शेजारी दप्तर घेऊन बसला. देणाऱ्याला ऐकणारा लागतो, एवढं तो त्या दोन वर्षांत शिकला होता.

दुपारी त्यांनी लखमाला बोलावलं. लखमा गावचा येसकर. साठी ओलांडलेला, पण आवाज असा की शिवारातला माणूस मान वर करी. दवंडी त्याच्याकडं. व्यंकटरावांनी त्याला दाखल्याचा मजकूर दोनदा वाचून दाखवला. लखमानं तो एकदाच ऐकून पाठ केला, मग डोकं खाजवत म्हणाला की बाजाराच्या दिवशी गावात हे सांगायचं कोणाला.

व्यंकटरावांनी छापील कागदावर बोट ठेवलं. तिथं 'गावकरी जमतील अशा ठिकाणी' असे शब्द होते. बाजाराच्या दिवशी गावकरी जमतात ते जवळ्याला. तेव्हा दवंडी जवळ्यात, चिंचेखाली, बारा वाजता. पाच अंगठे घ्यायला ते स्वतः शाई घेऊन तिथं बसणार होते.

लखमा त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला.

"पाटील मारतेन मला, मालक."

"कागदावर सही माझी आहे. मारायचं तर मला मारतील. तुला मी हुकूम केला."

लखमानं जरा विचार केला. हुकूम आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. "मंग हलगी चांगली तापवून घेतो," तो म्हणाला. "गार हलगी लांबवर जात न्हाई."

बाजाराच्या दिवशी जवळ्याला पेरणीआधीची गर्दी होती. बी-बियाणं, दोरखंड, तिफणीची लाकडं, बैल. उत्तमराव पाटील नेहमीप्रमाणं आडत्याच्या गादीवर लोडाला टेकून बसला होता. शेजारी शिरड शहापूरचे दोन पाटील. त्यातल्या धाकट्याच्या घरी उत्तमरावाच्या पुतणीचं बोलणं चाललं होतं, म्हणून आज चहाबरोबर चिवडाही मागवला होता. गादीपासून चिंच पन्नास पावलांवर.

बरोबर बाराला हलगी कडाडली. लोक वळले. लखमानं उजवा हात कानावर ठेवला आणि एकेक शब्द तोडून सांगितलं:

"ऐका हो ऐका! आमच्या गावचे पाटील उत्तमराव हे नादार हायेत. घरात खायाची पंचाईत हाय. लेकराला शिकवाया त्याहीच्याजवळ काही न्हाई. सबब शेठच्या धर्मादायातून वजिफा मिळावा म्हनून अर्ज केला हाय. कोनाची हरकत असंन त्यानं तीन दिसांत चावडीवर यावं हो!"

नियमानं तीनदा सांगायचं होतं. लखमानं तीन ठिकाणी उभं राहून तीनदा सांगितलं. बैलबाजाराच्या तोंडाशी, मिरचीवाल्यांत, आणि शेवटी आडतीसमोर. कुठं जास्त जोरात सांगायचं हे त्याला शिकवावं लागलं नाही.

पहिल्या खेपेला लोकांना वाटलं, चेष्टा आहे. दुसऱ्या खेपेला शाई आणि कागद घेऊन बसलेले पटवारी दिसले, तेव्हा खरं वाटलं. मिरची विकणाऱ्या रुक्माबाईनं दोन ओंजळी मिरच्या उचलून लखमाच्या उपरण्यात टाकल्या. "पाटलाच्या घरी दे," ती म्हणाली. "म्हनावं, रुक्मानं धाडल्या. पैसे नगं." तिच्या बाजूच्या लसूणवाल्यानं चार गड्डे टाकले. लखमानं काहीच नाकारलं नाही. त्याला नाकारायचा हुकूम नव्हता.

गादीवर शिरडचा थोरला पाटील चहाची बशी तोंडाशी धरून थांबला. मग हळूच म्हणाला, "काहून हो उत्तमराव, आमाला सांगायचं व्हतं. सोयरे हाव आमी. पोतंभर जवारी धाडली असती."  धाकट्यानं चिवड्याची ताटली उत्तमरावापुढं सरकवली. ते जास्त लागलं.

उत्तमराव उठला आणि गर्दीतून वाट काढत चिंचेखाली आला. पटका एका कानावर आलेला. लखमा चार पावलं मागं सरला. पाटील लखमाशी बोलला नाही, पटवाऱ्याला शिवी दिली नाही. भोवती दहा गावचे लोक होते आणि त्याला आता एकच गोष्ट त्यांच्या देखत पुसून टाकायची होती.

"लिवा," तो म्हणाला. "हरकत हाय."

"हरकतदाराचं नाव?"

"उत्तमराव पाटील."

"हरकत कोणाविरुद्ध?"

"मपल्याविरुद्ध! लिवा म्हन्लं ना."

व्यंकटरावांनी लिहिलं. मग चेहऱ्यावर काही न दाखवता विचारलं, की हरकतीला आधार काय. आधाराशिवाय हरकत निघत नाही.

पाटलानं गर्दीकडं तोंड केलं. पटवाऱ्याला नव्हे, बाजाराला सांगितलं. सव्वाशे एकर काळी. चार बैलजोड्या. सहा दुभत्या म्हशी. एक छकडा, रबरी धावांचा. गर्दी ऐकत होती, पण हसू गेलेलं नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, म्हशी दाखवता येतेत, खायाचं काय? तेव्हा उत्तमरावाचा आवाज फुटला.

"खायाचं? वाड्यामागं दोन पेवं हायेत, गळ्यापस्तोर. आन् तिसरं ह्या उन्हाळ्यात खंदलं. तुमचं सगळ्याहीचं गाव जेवंन दोन वर्सं. लिवा, पटवारी. तिन्ही लिवा."

तिसऱ्या पेवाची व्यंकटरावांना कल्पना नव्हती. त्यांनी तिन्ही लिहिली. पाटलानं खाली मोडीत लांबलचक सही ठोकली, शेवटचा फराटा कागदाबाहेर जाईल इतकी. साक्षीला पाच अंगठे पुरे होते. लोकांनी रांग लावून सतरा दिले. वर शिरडच्या दोन्ही पाटलांच्या सह्या. पाटील गादीवर परत गेला आणि नवा चहा मागवला. त्याला वाटलं, आपण जिंकलो. बाजारातून घरी पोचेपर्यंत त्याला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चावडी उघडायच्या आधी तो ओसरीवर येऊन बसला होता. पटका नव्हता, काठी नव्हती. रात्रभरात कोणीतरी, बहुधा त्याच्या बायकोनं, त्याला लेव्हीची आठवण करून दिली होती. तीन पेवं जोंधळा लपवून ठेवलाय, असं स्वतःच्या सहीनं, एकोणीस साक्षीदारांसमोर लिहून देणारा माणूस सगळ्या परभणी जिल्ह्यात तो एकटाच असावा.

त्यानं तो कागद मागितला. व्यंकटराव म्हणाले, कागद रीतसर दप्तरी दाखल आहे. मग त्यानं पेवांचं तेवढं खोडा म्हणून सांगितलं. व्यंकटराव म्हणाले, खोडता येईल. 

मग व्यंकटरावांनी बाजूला ठेवलेला चतुराबाईचा दाखला काढला, पाटलासमोर ठेवला, दौत त्याच्याकडं सरकवली.

"तुमी धमकी देऊन राहिले का मला?" पाटील म्हणाला.

"नाही. सहीची जागा दाखवून राहिलो."

उत्तमरावानं सही केली. या वेळी लहान. "ते पोरगं कालेजात जाऊन काय दिवे लावनार हाय?" असं म्हणत त्यानं कागद ढकलला, आणि चाकू कागदावर फिरताना नीट दिसावा म्हणून जवळ सरकून बसला. व्यंकटरावांनी तिन्ही पेवं खरवडली.  आपण पाटलापेक्षा फार वर आहोत असं समजणाऱ्यांपैकी ते नव्हते. गावाचा लेव्हीचा कोटा ठरलेला असतो. पाटलाच्या पेवात जे लपतं ते बाकीच्या घरांवर वाटलं जातं, आणि ही वाटणी त्यांनीच लिहायची होती. त्या वर्षी चतुराबाईच्या वाट्याला चार पायल्या जास्त आल्या. पोराच्या कागदावरच्या सहीची किंमत चार पायल्या जोंधळा, असा हिशेब त्यांनी कोणाला सांगितला नाही. कोणी विचारलाही नाही.

चतुराबाईची दवंडी त्याच दिवशी संध्याकाळी, गावात, मारुतीच्या पारासमोर झाली. तिला घरात बसून राहता आलं असतं. नादारीची दवंडी ऐकायला कोणी दारात येत नाही, बायका तर नाहीच. ती आली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून लखमाच्या अगदी समोर उभी राहिली आणि म्हणाली, मला ऐकू द्या माझ्या नावानं काय काय सांगतेत.

लखमानं सांगितलं. अडीच एकर मुरमाड, त्यातली सव्वा ओढ्यात. एक खोपट. दोन शेळ्या.

"तीन हायेत," चतुराबाई म्हणाली.

लखमा थांबला. व्यंकटरावांनी तिला हळू आवाजात सांगितलं, की दोन लिहिल्यात त्या राहू दे, दोनच बऱ्या.

"काहून? तिसरी काय चोरून आनली मी? मागल्या पुनवेला शेळीची पाट इकत घेतली, सगळ्याहीनं पाह्यली. उद्या कोनी हरकत घेतली का बाईनं शेळी लपवली म्हनून, तर मपल्या पोराचं नाव जाईन. तीन लिवा, भाऊ. आन् मंग पुन्हा सांग रे लखमा, पहिल्यापून."

व्यंकटरावांचा हात सवयीनं चाकूकडं गेला. मग त्यांनी तो तसाच ठेवला. दोनवर सरळ रेघ मारली, वर तीन लिहिलं आणि बाजूला सही केली, नियमात आहे तशी. लखमानं पहिल्यापासून सांगितलं. पाच अंगठे मिळाले. तीन दिवसांत हरकत आली नाही. बारा तारखेला कागद टपालात पडला.

हिंगोलीहून उत्तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं. संतरामचं नाव मंजूर झालं होतं. चौदा तारखेला, शुक्रवारी, शेठच्या वडिलांची पुण्यतिथी होती. त्या दिवशी सर्व मुलांनी पालकांसह जिनिंगच्या आवारात हजर राहायचं होतं. आवारात मांडव घातला होता. फोटोला हार. पुढं गादी, गादीवर शेठ, दिवाणजी, दोन वकील. आणि त्यांच्या शेजारी, जरीच्या पटक्यात, उत्तमराव पाटील. दाखल्यावर सही करणाऱ्या पाटलांना खास बोलावणं होतं.

अकरा मुलं होती. एकेकानं पुढं यायचं, नाव-गाव सांगायचं, घरात काय नाही ते सांगायचं, फोटोच्या आणि शेठच्या पाया पडायचं. संतरामची पाळी आली तेव्हा उत्तमराव मधेच उठला. त्याला दोन शब्द बोलायचे होते. त्याचं स्वतःचं पोरगं मॅट्रिक झालेलं आहे, त्याचा अर्जही झालेला होता, पण गावातल्या एका विधवेचं लेकरू हुशार आहे हे पाहून आपण मोठ्या मनानं आपल्या पोराचं नाव मागं घेतलं, असं त्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. एका वकिलानं डोळ्यांना रुमाल लावला. शेठनं संतरामला खूण केली, आणि संतराम पाटलाच्याही पाया पडला.

मांडवाच्या टोकाला, सरकीच्या ढिगाजवळ, बायकांत बसलेल्या चतुराबाईनं हे पाहिलं. तिचा चेहरा व्यंकटरावांना दिसत नव्हता. तेही आले होते, कारण दाखल्यावर सही त्यांचीही होती. पण पटवाऱ्यांना गादी नव्हती, सतरंजी होती.

नंतर फाटकाजवळ त्यांनी संतरामला गाठलं. पाटलाचं खोटं ऐकून पाया पडताना काय वाटलं, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्या वयात त्यांनी स्वतः एक बुधवार सोडला होता.

संतराम सतरा वर्षांचा, कोरड्या डोळ्यांचा मुलगा होता. त्यानं खिशातली पहिल्या महिन्याची पावती चाचपली.

"वाकायला किती येळ लागतो, काका?" तो म्हणाला. "ते बोलत व्हते तवा मी मोजत व्हतो. चोवीस महिने हायेत. ह्याहीच्या पाया पडायचं दोनदा, यंदा आन् पुढल्या वर्सी. सस्तं हाय."

 या पोरानं व्यंकटरावांचा सगळ्या आयुष्याचा तिरस्कार एका वाक्यात बसवला होता, आणि वर तो घेऊन कॉलेजात चालला होता. ते मात्र तो घेऊन चावडीवर परत आले होते.

संतराम तिथूनच गेला. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, औरंगाबादकडं निघालेल्या एका मास्तरांची सोबत. चतुराबाई त्याच्या मागं फाटकापर्यंत गेली, पेटीची कडी बसली आहे ना ते एकदा ओढून पाहिलं आणि वळली. तातेरावानं पाटलाच्या छकड्याला बैल जुंपले होते. त्याच्या तोंडावर आज कधी नव्हे एवढी खुशी होती, कारण औरंगाबादचं त्याचं संकट टळलं होतं. त्यानं तिला छकड्यात बसायला सांगितलं. ती छकड्याच्या मागच्या फळीवर बसली, पाटील पुढं.

गाव येईपर्यंत पाटील तिच्याशी एकदाच बोलला. उद्या शनिवार. पाटलाच्या नाल्याकाठच्या कापसात खुरपणीची हजेरी सकाळी सातला लागते, आणि यादीत चतुराबाईचं नाव चौथं आहे.